लहानीचा नंबर लागला

आमच्या खानदानातली पहिली ग्रॅज्युएट मी. हे मी कुणालाही सांगते, आणि सांगताना लाजत नाही. आजोबा भंडाऱ्याकडचं धानाचं शेत भावांच्या हवाली करून भिलाईला आले तेव्हा अंगठा लावत होते. बाबा आयटीआय करून इथल्या पोलाद कारखान्यात, म्हणजे प्लांटमध्ये लागले. आईची शाळा सातवीत सुटली. मी फिजिक्स घेऊन बीएस्सी केलं, मग बीएड, आणि आता एका खाजगी शाळेत नववी-दहावीला शिकवते. घरात इंग्रजीत काहीही आलं, बँकेचं असो की औषधाच्या डबीवरचं, ते माझ्याकडे येतं. मी वाचते, सांगते, आणि मी सांगितलं की घरात तो विषय संपतो.

बाबांची मोठी बहीण, माझी आत्या, अमेरिकेत नर्स आहे. तिकडची नागरिक झाल्यावर तिनं पहिलं काम केलं ते भावासाठी अर्ज लावायचं. तिथल्या कायद्यानं नागरिक आपल्या भावाला कायमचं राहायला बोलावू शकतो, आणि भावामागून त्याची बायको आणि लग्न न झालेली मुलं जाऊ शकतात. फक्त रांग लांब. इतकी लांब, की अर्ज लागला तेव्हा मी शाळेतही जात नव्हते आणि माझी धाकटी बहीण जन्मलीही नव्हती. घरात मला मोठी म्हणतात, तिला लहानी.

त्या अर्जाला आमच्याकडे नुसतं 'फाइल' म्हणायचे. फाइल लागली आहे, म्हणून बाबांनी बाकीच्यांसारखा प्लॉट घेतला नाही. प्लांटच्या वसाहतीत, म्हणजे सेक्टरमध्ये राहणाऱ्या प्रत्येकाला माहीत असतं की रिटायर झालं की क्वार्टर सोडावं लागतं, म्हणून लोक आधीच कुठंतरी चार भिंती उभ्या करून ठेवतात. बाबा म्हणायचे, आपल्याले कावून पाहिजे घर, आपण तं चाललो. फाइल लागली आहे म्हणून आईनं दार तुटलेलं कपाट बदललं नाही. आणि फाइल लागली आहे म्हणून माझं लग्न झालं नाही.

लग्नाचं आत्यानं बजावूनच ठेवलं होतं. पोरीचं लग्न झालं की तिचं नाव कटलं. ही अट बाबांनी एखादं व्रत पाळावं तशी पाळली. माझं कॉलेज संपलं आणि स्थळं यायला लागली. एक इथल्याच जवळच्या चरोद्याचं होतं, रेल्वेतला मुलगा, घरचे लोक गोंदियाचे, म्हणजे आपल्याच भंडाऱ्याकडचे. मला तो आवडला होता. बोलणं कमी, पण मी शिकवायची तयारी करते हे ऐकून त्यानं विचारलं की पोरं फिजिक्समध्ये सगळ्यात जास्त कुठं अडकतात. मुलगी पाहायला येऊन असं कोण विचारतं? बाबांनी त्यांना चहा पाजला, पोहे खाऊ घातले आणि सांगून टाकलं की हिची फाइल लागली आहे, थांबत असाल तर थांबा. कोण थांबतं. समोरच्या क्वार्टरमधल्या काकू आईला टोमणा मारायच्या, "का वो, तुमच्या पोरीसाठी नवरा विमानातून उतरणार हाये का?" आई हसण्यावारी न्यायची.

आता वयाचं. मुलांसाठी अट नुसती लग्नाची नव्हती, वय एकवीसच्या आत हवं हीपण होती. तीही आत्यानं सुरुवातीलाच सांगितली होती. पण बाबांनी ती प्लांटच्या कानानं ऐकली. प्लांटमध्ये सगळं सीनियॉरिटीवर चालतं. क्वार्टरसाठी अर्ज ज्या दिवशी दिला, तो दिवस तुमचा. मग कितीही वर्षं जाऊ द्या, तुमच्या मागून आलेला तुमच्या पुढं जाऊ शकत नाही. सेक्टर 10 चं आमचं क्वार्टर असंच मिळालं. बाबा रांगेत उभे राहिले आणि रांग त्यांना विसरली नाही. त्या हिशोबानं, फाइल लागली तेव्हा मी चार वर्षांची होते, म्हणजे फाइलपुरती मी चारच वर्षांची. माझं वय तिथंच धरलं गेलं. बाबांनी हे आईला सांगितलं, आईनं मला, आणि आमच्या क्वार्टरांच्या अख्ख्या लाइनमध्ये कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. वाटणार तरी कसं, सगळे प्लांटचेच.

गेल्या हिवाळ्यात आत्यानं कळवलं की नंबर लागला. बाबा ड्यूटीवर निघाले होते. जन्मात कधी शिफ्टला उशीर न करणारा माणूस, पण त्या दिवशी डबा ठेवून आधी पावर हाउसच्या बाजारात गेले आणि पेढे घेऊन आले. रविवारी घर भरलं. समोरचे काका-काकू आले, बाबांच्या सेक्शनचे दोघं आले. काका बाबांना छळत होते, तिकडं जाऊन का करशीन बे, बर्फ फेकशीन? बाबा म्हणाले, फेकू ना, पण डॉलरमंदी फेकू. लहानी बारावीला आहे. ती मैत्रिणींना हिंदीत फोनवर सांगत सुटली होती की पहिल्या विमानप्रवासात खिडकी कुणाची यावरून आमचं भांडण चाललंय. खरंच चाललं होतं.

तेवढ्यात आत्याचा फोन आला. सगळ्यांना ऐकू जावं म्हणून बाबांनी स्पीकर लावला. आत्यानं आधी विचारलं, जवळ कोण-कोण आहे. बाबा म्हणाले, आपलेच आहेत सगळे, बोल ना बाई.

"भाऊ, वकिलानं सगळं पाहिलं," आत्या म्हणाली. "मोठीचं नाही होत. तिचं वय निघून गेलं. तू, वहिनी अन् लहानी. तिघंच."

माझ्या तोंडात पेढा होता. तो मी गिळलाही नाही आणि काढलाही नाही.

बाबा हसले. खरंच हसले, कुणीतरी गंमत करावी तसे. "असं कसं होईन? मोठीचं नाव तं पहिल्यापासून हाये. लहानी तं तवा पैदाच नव्हती."

"हो भाऊ. तरी तसंच आहे."

"म्हणजे ज्युनिअरले देल्लं अन् सीनियरले ठेवलं?"

वकिलाचं लिहिलेलं पाठवते म्हणून आत्यानं फोन ठेवला. काकूंना अचानक आठवलं की त्या कुकर लावून आल्या आहेत. त्यांच्यामागं काका उठले, मग सेक्शनचे दोघं. दारात चपला शोधताना कुणी आमच्याकडे पाहिलं नाही. मी लहानीकडे पाहिलं. ती भिंतीकडे पाहत होती आणि तिचे कान लाल झाले होते, जसं काही तिनंच माझं काही उचललं होतं.

पहिले दोन दिवस मी शाळेत शिकवलं, पेपर तपासले, घरी येऊन पोळ्या केल्या. कुणी विचारलं असतं की काय झालं, तर मला सांगता आलं नसतं. ज्या गोष्टीवर मी चालताना पाय ठेवत होते ती गोष्टच नव्हती, आणि तरीही मी पडले नव्हते, याचंच मला नवल वाटत होतं.

मग आत्यानं वकिलाचं म्हणणं इंग्रजीत पाठवलं आणि अर्थातच ते माझ्याकडे आलं. कायदा वय अजिबात धरून ठेवत नाही असं नाही. थोडं ठेवतो. अर्ज दिल्यापासून मंजूर होईपर्यंत तो त्यांच्या ऑफिसात जितका काळ पडून होता, तितका काळ नंबर लागल्या दिवशीच्या वयातून वजा करतात. मंजुरीनंतर रांगेत जी वर्षं जातात, ती मात्र सगळी तुमच्या अंगावर. म्हणजे मंजुरीला जितका उशीर, तितकी मी लहान. आणि आमची मंजुरी लवकर आली होती. मला ते आठवतं, कारण आत्यानं तेव्हा आनंदानं सांगितलं होतं की लोकांचे अडकून पडलेत, आपलं पटकन झालं, आणि बाबांनी नारळ फोडला होता. त्या ऑफिसात कुणी कामचुकार असता, आमचा अर्ज आणखी वर्षभर टेबलाखाली पडला असता, तर मी चालले असते. कुणीतरी आपलं काम वेळेवर केलं म्हणून मी राहिले. हे वाचून मी मोबाईल पालथा ठेवला आणि बराच वेळ तसाच राहू दिला.

वजाबाकी केली. पुन्हा केली. एकवीसच्या वर, थोडेच महिने, पण वर. उत्तर बरोबर असलं की ते बरोबर आहे हे मला कळतं, तेवढं मी शिकले आहे. माझ्या डिग्रीचा घरात एवढा मोठा उपयोग आधी कधी झाला नव्हता. मी का जाऊ शकत नाही हे बाबांना मीच समजावून सांगितलं, दोन उदाहरणं देऊन.

बाबांनी पूर्ण ऐकून घेतलं. मग म्हणाले, बरं, आता कागद घे. प्लांटच्या ऑफिसला लिहितात तसा अर्ज लिहायचा, सीनियॉरिटी डावलली म्हणून. तू इंग्रजी कर, मी सांगून राहिलो. ते उभे राहिले, हात मागं बांधले आणि सांगायला लागले: अर्जदाराची मोठी मुलगी पहिल्या दिवसापासून या अर्जात आहे, तिनं सगळ्या अटी पाळल्या, लग्नसुद्धा केलं नाही, असं असताना तिच्या मागून आलेल्या तिच्या बहिणीला...

लहानी दारात उभी होती.

"बाबा," ती म्हणाली, "मेरे खिलाफ लिखवा रहे हो क्या?"

बाबांचे हात सुटले. "नाही बेटा," ते म्हणाले आणि खाटेवर बसले. तो अर्ज तिथंच राहिला.

आईचं एकच म्हणणं, जाचं तं सगळ्यांनी, नाहीतं कोणीच नाही. तिलाही मलाच समजवावं लागलं. अर्ज बाबांच्या नावावर आहे, बाबा गेल्याशिवाय लहानी जाऊ शकत नाही, आणि आज नाही म्हटलं तर लहानीचाही दरवाजा बंद. तिचं वय काही आमच्यासाठी थांबणार नाही. आईनं पीठ मळता मळता विचारलं, हा कायदा ज्यानं केला त्याले पोरं नव्हते का. मी म्हटलं, असतील, त्यांना रांगेत राहावं लागत नसेल.

मुंबईला अमेरिकेच्या वकिलातीत व्हिसाच्या मुलाखतीला तिघं गेले. आल्यावर आईनं सांगितलं की खिडकीमागच्या बाईनं बाबांना विचारलं, मुलं किती? बाबा म्हणाले, दोन. मग एकच कशी आली? बाबा म्हणाले, दुसरी बीएस्सी आहे.

"मग ती काय बोलली?" मी विचारलं.

"काही नाही. पुढचा कागद मांगला."

मला हसायला आलं आणि मग ते आवरेना. आई घाबरून पाणी घेऊन आली. तिघांचा व्हिसा झाला होता.

त्यानंतरच्या आठवड्यातली गोष्ट. संध्याकाळी जेवायला बसलो होतो. बाबांनी सांगितलं की आत्याशी बोलणं झालं आहे. तिकडं पोचल्यावर बाबा स्वतः माझ्यासाठी अर्ज लावू शकतात, बाप म्हणून. नवीन फाइल. आठ-दहा वर्षं लागतील, जास्तही लागतील, पण लागेल नंबर. फक्त, असं म्हणून ते भात कालवायला लागले. ते 'फक्त' मीच पुरं केलं. फक्त तोवर लग्न करायचं नाही. बाबांनी मान हलवली. मी त्यांच्याकडे पाहत राहिले. इतकं सगळं होऊन गेलं होतं आणि त्यांचा आवाज अगदी तोच होता, चरोद्याच्या लोकांना पोहे खाऊ घालताना होता तो.

"बाबा, माझं नाव आता कुठंच लावू नका," मी म्हटलं.

"कावून?"

"मले आता नाही थांबाचं. लग्न होईन, नाही होईन, पण थांबाचं नाही."

लहानीनं ताटात हात तसाच ठेवला. आई काही बोलणार होती, पण बाबांनी तिला थांबवलं.

"म्हणजे आम्ही तिकडं अन् तू इथं. पक्कं?"

"पक्कं."

मी इतकी ठाम बोलले, कारण मनात एक गोष्ट धरून बसले होते. मला वाटत होतं, आता बाबा ताट सरकवतील आणि म्हणतील, मग कोणीच नाही जात. मग मी भांडणार होते. लहानीचं भविष्य सांगणार होते, आत्यानं काढलेली वर्षं सांगणार होते, आणि शेवटी त्यांना पाठवणारच होते. सगळी वाक्यं तयार होती. फक्त त्यांनी एकदा तसं म्हणायला हवं होतं.

बाबांनी भात संपवला. पाणी प्याले.

"उद्या माही फर्स्ट शिफ्ट हाये," ते आईला म्हणाले. "दुपारी आलो की हिच्यासाठी खोली पाहाले जाऊ. पावर हाउसकडं नको, तिकडं ऑटोचा बहुत गोंगाट. हिच्या शाळेजवळ पाहू."

आई माझ्याकडे पाहत होती. माझ्या तयार वाक्यांचं आता काय करायचं ते मला कळेना. मी ताक वाढून घेतलं आणि म्हटलं, दुपारी माझीपण शाळा सुटलेली असते, मी येते सोबत.