भावजींची अडकलेली पत्रं

माझे धाकटे दीर लहानपणापासून अडखळत बोलतात. ‘हा पाणी मागेपर्यंत तहान मरते,’ असं सासूबाई चारचौघांत म्हणायच्या. आईच असं म्हणणार, मग बाकीच्यांना काय, आयतं कोलीत!

पण कागदावर भावजींचं काही अडत नाही. मागच्या खोलीत बसून ते घरांचे नकाशे काढतात. काम बरीच वर्षं एकाच इंजिनिअरचं, तो दुसऱ्या गावी. सगळं ईमेलवर चालायचं. त्यानं भावजींचा आवाज कधी ऐकला नाही, म्हणून त्याला वाटत असणार, काय फर्डा माणूस आहे!

मग ईमेलवाल्या कंपनीनं कुलूप बदललं. नुसता पासवर्ड चालणार नाही म्हणे. एक खिडकी उघडेल, तिच्यात ‘हो, मीच तो’ असं पटवून द्यायचं. भावजींनी ते एकदा केलं, पत्रं येऊ लागली. पण येणाऱ्या पत्रांचं दार वेगळं आणि जाणाऱ्यांचं वेगळं, हे कुणाला ठाऊक! दुसऱ्या दाराची खिडकी सारखी वर यायची आणि भावजी ती पटकन बंद करायचे.

“च... चोर आहेत, वहिनी. एकदा सांगितलंय ना? पुन्हा का वि... विचारतात?”

बँकेनं बजावलं होतं, कुठल्याही खिडकीत पासवर्ड घालू नका. ते यांनी गाठीला बांधलं होतं.

तिकडून इंजिनिअर विचारी, नकाशे कुठे आहेत? हे लिहीत, पाठवलेत. तो पुन्हा म्हणे, काही मिळालं नाही, बांधकाम खोळंबलंय. भावजींना वाटलं, याला काम काढून घ्यायचंय, म्हणून बहाणे चाललेत. एका दुपारी दार लोटून खूप वेळ टाइप करत बसले. बाहेर आले ते छाती काढून.

“झा... झाडला त्याला. तुझं काम न... नको म्हटलं.”

जन्मात कुणाशी भांडता आलं नव्हतं हो त्यांना. मलाही बरंच वाटलं, खोटं कशाला बोलू?

पण दुसऱ्या दिवशी इंजिनिअरचं पत्र आलं ते मायेचं. ‘तब्येत बरी आहे ना? काळजी वाटते. तुमच्यासाठी अजून थांबतो.’ भावजी चक्रावले. एवढ्या शिव्या खाऊन कोणी तब्येत विचारतं? त्यांनी माझ्या सुनेला हाक मारली. ती ऑफिसात कॉम्प्युटरवरच असते.

“अहो काका, ही खिडकी चोराची नाही, तुमचीच आहे! पत्रं पाठवायच्या सेटिंगमध्ये नुसत्या पासवर्डची जुनीच पद्धत राहिलीय. म्हणून तुमचं एकही पत्र बाहेर गेलेलं नाही.”

तिनं काहीतरी बदललं, खिडकी आली, भावजींनी पासवर्ड घातला. सून म्हणाली, “झालं! आता अडकलेली सगळी आपोआप जातील.”

“स... सगळी?” भावजी खुर्चीतून उठले. “थां... थां...”

तो शब्द पुरा होईपर्यंत अडकलेल्या पत्रांची पेटी रिकामी झाली होती. पोर बिचारी हसून आमच्याकडे बघत होती, कौतुकाच्या आशेनं.

संध्याकाळी उत्तर आलं. ‘नकाशे मिळाले. शेवटचं पत्रही वाचलं. माझ्याबद्दल तुमचं हे मत असेल असं वाटलं नव्हतं. तुमच्या इच्छेप्रमाणे काम दुसरीकडे देतो.’

भावजींनी माफीची पत्रं लिहिली. ती मात्र सगळी सुखरूप गेली. उत्तर एकाचंही नाही.

“फोन करा,” मी म्हटलं. “नाहीतर मी बोलते.”

तुम्ही नको, अशी त्यांनी मान हलवली आणि माझा मोबाईल घेऊन गॅलरीत गेले. मी दाराआड उभी. तिकडून ‘हॅलो, कोण?’ ऐकू आलं. भावजींच्या मानेची शीर फुगली.

“मी... मी... मी...”

“कोण बोलतंय? काय थट्टा आहे ही?” आणि फोन बंद.

आत येऊन त्यांनी मोबाईल पुसून माझ्या हातात दिला.

“ला... लागला नाही, वहिनी. रेंज नाही.”

“नसेल,” मी म्हटलं. “हल्ली नसतेच.”