परत न आलेला कोपरा

बोईसरला नवापूर नाक्याच्या पुढं एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर ड्रॉइंग ऑफिस आहे. केमिकल कारखान्यांच्या टाक्या, रसायनं शिजवायचे रिॲक्टर, पाइपलाइनी, सगळ्यांची ड्रॉइंगं तिथं निघतात आणि निघालेलं प्रत्येक ड्रॉइंग नागोरावांच्या टेबलावरून जातं. जातं म्हणजे काय, सुखासुखी थोडंच जातं! रेघेची जाडी चुकली, परत. बदललेल्या जागेभोवती ढग, म्हणजे खुणेची नागमोडी रेघ, काढला नाही, परत. फाइलीला कुणी ‘फायनल’, ‘फायनल दोन’, ‘आता खरंच फायनल’ अशी नावं ठेवली, की नागोराव खुर्ची वळवून त्या माणसाकडं नुसते बघत बसायचे. त्यापेक्षा दोन शिव्या दिलेल्या परवडल्या असत्या.

माणूस मूळचा हिंगोलीकडचा. पंचवीस वर्षांपूर्वी बायकोला, इंदुबाईंना, घेऊन इकडं आला आणि इथलाच झाला. ज्वारीची भाकरी तेवढी सुटली नाही, आणि गावाकडचं कुणी भेटलं की विरघळणं सुटलं नाही. हे दुसरं लक्षात ठेवा, पुढं तेच नडलं.

त्यांचा एक नेम होता. ड्रॉइंग बदललं की नवी प्रत कारखान्याला किंवा वर्कशॉपला देण्याआधी जुनी परत आली पाहिजे. आली की तिचा खालचा उजवा कोपरा, ज्यात नंबर आणि रिव्हिजन, म्हणजे कितवा बदल ते, असतं, तो फाडायचा आणि बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात टाकायचा. कोपरा नसलेल्या कागदावर कुणी काम करत नाही. उरलेला कागद पोरांच्या वह्यांना कव्हर घालायला न्या, म्हणायचे, मला काय त्याचं. मग रजिस्टरात ‘कोपरा जमा’ लिहून सही. असे सात डबे कपाटात साठले होते. नागोरावकाका गेले की हे डबेही बरोबर द्यावे लागतील, अशी ऑफिसात चेष्टा चालायची.

त्या सात डब्यांत एकच कोपरा कमी होता, आणि ते नागोरावांशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं.

झालं होतं असं. श्रावणात एका रिॲक्टरचं ड्रॉइंग बदललं. वरची वाफ सोडायची नळी दोन इंची होती, ती चार इंची झाली. रिॲक्टर बनवणाऱ्या वर्कशॉपचा सुपरवायझर शिवाजी नवी प्रत न्यायला आला, पण हात हलवत आला. म्हणाला, “मामा, जुना कागद पावसात भिजून लगदा झाला बघा. कुठून आणू?” शिवाजी औंढ्याचा. नागोरावांच्या सासुरवाडीपासून तीन कोसांवरचा. दुसरा कुणी असता तर नागोरावांनी त्याला लगदा आणायला परत धाडला असता. शिवाजीला त्यांनी चहा पाजला आणि रजिस्टरात लिहिलं, ‘नष्ट’. खाली सही केली.

मार्गशीर्षातल्या एका गुरुवारी डबा खाताना दीपिका सहज बोलून गेली. ही उमरोळीची पोरगी, त्या रिॲक्टरचं बदललेलं ड्रॉइंग हिनंच काढलेलं. तिचा भाऊ मिथुन त्याच कारखान्यात ऑपरेटर होता, जिथं तो रिॲक्टर नुकताच बसवला होता.

“काका, मिथुन सांगत होता, वरची वाफेची लाइन जोडताना लय तरास झाला. लाइन चार इंची आन् रिॲक्टरच्या नळीचं तोंड दोन इंची. मंग मधी निमुळता तुकडा लावून जोडली.”

नागोरावांचा घास हातातच राहिला. “तोंड किती म्हणालीस?”

“दोन. पन मी तर चार काढलेलं ना? तुमीच तपासलंय.” दीपिकाचा आवाज बारीक झाला. “काका, उद्या सकाळी पयला माल टाकनार हायेत. मिथुनचीच पाळी हाय.”

रिॲक्टरमधला माल कधी हाताबाहेर तापला, तर वाफ त्या नळीनं पळून जाते. नळी अरुंद असली म्हणून वाफ थांबत नाही, ती दुसरीकडून वाट काढते. तारापूर भागात राहणाऱ्याला ही दुसरी वाट समजावून सांगावी लागत नाही. इथं भांडं पडलं तरी बाया आधी कारखान्यांच्या दिशेनं बघतात.

डबा तसाच टाकून नागोराव मालकांच्या केबिनमध्ये गेले. मालक दिग्विजय, वयानं तरुण, डोक्यानं थंड. त्यानं सर्व्हरवरची फाइल उघडली, रजिस्टर चाळलं आणि हसला.

“काका, उगाच बीपी वाढवून घेऊ नका. आपल्या फाइलीत चार इंच आहे, भोवती ढग आहे, नवी प्रत दिल्याची नोंद आहे. जुनी नष्ट, खाली तुमची सही. आपण सुटलो.”

“ती सही खोटी आहे, साहेब.”

“म्हणजे?”

“मी तो कागद पाहिलाच नव्हता. गावचा पोरगा म्हणून लिहून टाकलं.”

दिग्विजयचं हसू गेलं. त्यानं उठून दार लावलं. “हे माझ्याशी बोललात तेवढं बस. बाहेर बोलाल तर ऑफिसचं नाव जाईल आणि तुमची नोकरीही. रिटायर व्हायला दीड वर्ष राहिलंय ना तुमचं?”

नागोरावांना भीती वाटली, खोटं कशाला बोलू. इंदुबाईंच्या गुडघ्यांचं ऑपरेशन डोळ्यांपुढं आलं. पण काचेपलीकडं दीपिका फोन कानाला लावून उभी होती आणि मिथुन काही फोन उचलत नव्हता. नागोरावांनी तिथंच उभ्यानं कारखान्याच्या इंजिनियरला, चिरागला, फोन लावला. चिराग म्हणाला, तोंडी चालणार नाही, लिहून द्या. नागोरावांनी लिहून दिलं: जुनी प्रत परत आली नव्हती, न पाहता ‘नष्ट’ लिहिलं, चूक माझी, माल टाकू नका. अर्ध्या तासानं उत्तर आलं, की उद्याचा माल थांबवला आहे. दीपिका मटकन खुर्चीत बसली आणि रडली. दिग्विजय केबिनमधून बाहेर आलाच नाही.

आता कुणी दुसरा असता तर घरी जाऊन पडला असता. नागोराव रिक्षा करून वर्कशॉपवर गेले. कोपरा अजून जमा व्हायचा होता.

शिवाजी त्यांना बघून जागीच खिळला. काही न विचारता लोखंडी कपाट उघडून त्यानं घडी काढली. कागद कोरडा ठणठणीत होता. त्यावर जागोजागी शिवाजीच्या हातची पेन्सिलीची मापं, कुठं पत्रा कापायचा, कुठं छिद्र पाडायचं.

“इतकी मापं नव्या कागदावर परत कोण काढणार, मामा? बदल एकच होता. म्हटलं, ध्यानात राहील.” तो मान वर करत नव्हता. “तेवढ्यात बहिणीचं लग्न जमवायला मी गावाकडं गेलो. पोरांनी हाच कागद समोर ठेवला. तपासणीवाल्यानंही ह्याच्यावरूनच तपासलं.”

“लेका, मी तुला चहा पाजला होता रे,” नागोराव म्हणाले. त्यांना खरं तर त्याच्या मुस्काटात द्यावीशी वाटत होती.

त्यांनी कागद टेबलावर पसरला आणि फाडायला खालचा उजवा कोपरा चिमटीत धरला. वर्कशॉपात एक रीत असते. ड्रॉइंगवरचा नग पुरा होऊन बाहेर पडला, की त्या कोपऱ्यात लाल खडूनं बरोबरची खूण करायची. एक नग, एक खूण. नागोरावांनी चष्मा पुसला आणि परत पाहिलं. नंबरशेजारी दोन खुणा होत्या.

“शिवाजी, आम्ही ड्रॉइंग एका नगाचं दिलं होतं.”

शिवाजीनं कपाटाचं दार लोटलं. आत कुणीतरी ग्राइंडर चालवत होतं, ते थांबलं.

“दिवाळीआधी एक व्यापारी आला होता,” तो म्हणाला. “असाच रिॲक्टर पाहिजे म्हणाला. कागद तयार होता, आमच्या शेठनी बनवून दिला.”

“कुठं बसवलाय?”

“ट्रक गुजरातकडं गेला, मामा. पुढचं आमाला ठाव नाही. व्यापाऱ्याचा फोनही आता लागत नाही.”

“चालू झाला असंल?”

“झालाच असंल की. दोन महिने झाले.”

नागोरावांनी कोपरा फाडला नाही. तसाच चिमटीत धरून ते उभे राहिले. त्या रिॲक्टरजवळ सकाळच्या पाळीला कोण उभं राहत असेल, हे कुणाला विचारावं, ते त्यांना समजेना.