मळवटाचा फोटो

तुळजापुरात देवळाच्या उतारावर दत्तोपंतांचं फोटोचं दुकान होतं. निजाम जाऊन पाच-सहा वर्षं झाली असतील तेव्हाची गोष्ट. माणूस हुशार, पण हाताला चैन नाही. फिल्म धुवायची औषधं दोन, एक मवाळ, एक जहाल. पंत कधी याची वाटी त्यात ओतायचे, कधी त्याची यात, वर सोड्याची चिमूट. बायको शामला म्हणायची, "आमटीत एवढं लक्ष घातलं असतं तर माझे हात तरी सुटले असते."

पंतांना एकच गोष्ट सलायची. दर्शनाहून बाया कपाळभर कुंकवाचा मळवट घेऊन यायच्या, आणि त्या वेळच्या फिल्मला लाल रंग दिसतच नसे. फोटोत कपाळ काळं ठिक्कर. म्हणून पंत आधी पाण्याचा तांब्या पुढं करायचे.

तामलवाडीचा दगडोबा बायकोला, धुरपदाबाईला, घेऊन आला तेव्हाही केला. तिनं तांब्या बाजूला सारला. "आईचा मळवट फोटूसाठी पुसू व्हय? हाय तसा काढा."

"आन् हिचाच काढा, पंत," दगडोबा म्हणाला. "माझ्या थोबाडापायी फिल्लम कशाला नासता?"

एकच फोटो काढला. पंतांनी मनात घेतलं, हिचं कपाळ उजळून दाखवायचंच. दोन्ही औषधं एकत्र केली, सोडा मूठभर टाकला. चैताचं ऊन, पाणी आधीच कोमट. लाल दिव्याखाली कपाळाच्या जागी बारीक सावट आलं. फिल्मवर काळं ते फोटोत उजळ, म्हणून पंत हरखले, फिल्म औषधात अजून थोडी ठेवली. आणि दुधावरची साय सरकावी तसा फिल्मवरचा लेप सुटला. नथ, गाल, कपाळ, सगळं तबकात गोळा झालं.

"पुन्हा येऊन बसा म्हणावं त्यांना," शामला म्हणाली. पण लाज आडवी आली. दगडोबा बाजाराला आला की विचारायचा, "झाला का, पंत? भिंतीत खिळा ठोकून ठिवलाय. ती रोज इचारती."

"वाळतोय अजून."

"पापड आहे का तो?" शामला आतून पुटपुटायची.

श्रावणात दगडोबा आला तो दारातच उभा राहिला. "गेली ती. तापानं. आता द्या फोटू, वाळला असंल नसंल."

तेव्हा कुठं पंतांनी खरं सांगितलं. दगडोबानं सगळं ऐकून घेतलं.

"काळं तर काळं येऊ द्यायचं की, पंत. तिचं कपाळ कसं व्हतं, मला ठावं न्हाय व्हय?"

पंतांनी पुन्हा कधी औषधं मिसळली नाहीत, तांब्याही पुढं केला नाही. काळ्या कपाळाच्या कितीतरी बाया त्यांच्या दुकानातून गावोगावच्या भिंतींवर गेल्या. दगडोबाच्या खिळ्याला मात्र, म्हणे, त्याचा पटकाच लटकत असायचा.