आगबोटीची घंटा

नवरात्राआधी पिंपळवंडीच्या देवळातली घंटा चिंचेनं घासताना ओल्या पितळेचा वास येतो, आणि मला मुंबईचं ते संग्रहालय आठवतं.

सोबत माझ्या सासूबाई होत्या. आम्ही त्यांना आत्याबाई म्हणायचो. जुन्या लढाऊ आगबोटीची घंटा तिथं टांगलेली होती. पाटीवरचं बोटीचं नाव मी मोठ्यानं वाचलं. आत्याबाईंनी चपला काढल्या, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि दोर ओढून टोल दिला. अख्खं दालन दणाणलं. मला वाटलं, घंटा दिसली की वाजवायची, ही आपली गावाकडची सवय.

रखवालदार धावत आला. "आजी, हे देऊळ नाही!"

"म्हाईत हाये, भाऊ. माझा बाप ह्याच बोटीवर भट्टीत कोळसा टाकायचा. तिकडंच समुद्रात गेला. त्याचा आवाज मला आठवत न्हाई. त्याच्या कानावर पडलेला आवाज तरी ऐकू द्या."

घंटा थांबवायला उचललेला हात रखवालदारानं खाली घेतला. एवढीशी बाई, पण त्या दालनात तिच्याहून मोठं मला काहीच दिसेना.

आत्याबाई आता नाहीत. घंटा घासून झाली की मी एक टोल देते, आणि तो पुरता विरेपर्यंत चपला घालत नाही.