न मागितलेल्या दोन हिंट

उमरेडच्या एका मुलीच्या मुलाखतीनंतर मी शेऱ्यात लिहिलं होतं, ‘उत्तरापर्यंत पोचण्यासाठी दोन हिंट द्याव्या लागल्या.’ ते खोटं आहे. हिंट मी दिल्या हे खरं. द्याव्या लागल्या नव्हत्या.

आमची कंपनी मोठी, देशोदेशी कार्यालयं असलेली. निवृत्तीआधीची काही वर्षं मी तिच्या नागपूरच्या कार्यालयात नव्या इंजिनिअरांच्या मुलाखती घ्यायचो. उमेदवाराला एक कोडं घालायचं, तो ते कसं सोडवतो ते पाहायचं आणि किती हिंट दिल्या ते नोंदवायचं. एक हिंट चालून जाई. दोन झाल्या की बहुतेक वेळा नाव गळायचं.

त्या दिवशी कॅन्टीनमध्ये एका सहकाऱ्याने टोमणा मारला, “आज तुमची गाववाली आहे म्हणते. पाहजा बरं, मार्कांचं पोतंच उलटून द्याल!”

मीही उमरेडचाच, तिच्यासारखाच विणकराच्या घरातला. मी हसलो, पण ते बोलणं डोक्यात राहिलं.

मुलगी कमी बोलणारी होती. कोडं ऐकलं आणि कागदावर बारीक अक्षरात लिहीत बसली. तीनेक मिनिटं एक शब्द नाही. समोरचा गप्प बसला की मला राहवत नाही. बायको यावरून कायम बोलायची. मी पहिली पायरी सांगून टाकली. तिने मान हलवली. थोड्या वेळाने दुसरीही सांगितली. “थँक्यू सर,” म्हणाली आणि तिने उत्तर पूर्ण केलं.

शेरा पाठवून झाल्यावर मी तिचा कच्चा कागद पाहिला. मी तोंड उघडलं तेव्हा तिचं पेन पानाच्या तळाशी होतं, हे मला स्पष्ट आठवत होतं. आणि त्या दोन्ही पायऱ्या पानाच्या वरच्या अर्ध्यात होत्या.

दुसऱ्या दिवशी निवडीच्या बैठकीत मला विचारलं गेलं, “दोन हिंट?” तो सहकारी समोरच बसला होता. कागद माझ्या फाईलमध्ये होता. मी म्हणालो, “हो, दोन.” मिनिटभरात पुढचं नाव आलं.

गेल्या हिवाळ्यात एका ओळखीच्या माणसाने कळमेश्वरच्या त्याच्या कारखान्यात कॉम्प्युटरच्या कामासाठी नेलं. तिथे स्टोअरमध्ये ती बसली होती. तिनेच मला ओळखलं.

“सर! तुम्ही माझा इंटरव्ह्यू घेतला होता.” मग शेजारच्या बाईला म्हणाली, “यायनं मले लय मदत केली होती वं. माह्यंच डोकं चाललं नाही.”

त्यानंतर तिने कुठेच मुलाखत दिली नव्हती. आपल्याला जमत नाही, असं ठरवून मोकळी झाली होती.

मी तिथेच तिला सगळं सांगितलं.

“मग मीटिंगमध्ये बोलले काहून नाही?”

“गाववालीची बाजू घेतली म्हणतील, म्हणून.”

ती बराच वेळ पावत्या सारख्या करत राहिली. मग म्हणाली, “घरी येऊन बाबाले सांगाल? मी सांगितलं तर त्यायले खरं नाही वाटणार.”

रविवारी मी उमरेडला गेलो. वडिलांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि माझा हात हातात धरला. “सर, तुम्ही मोठ्या मनाचे. पोरीले बरं वाटावं म्हणून इतक्या दूर आले.”

“बाबा, ते खरं सांगून राहिले,” ती आतल्या दारातून म्हणाली.

“असू दे वं. चहा ठेव.”

मी पुन्हा सांगितलं, कागदाचंही सांगितलं. जितकं सांगावं तितका मी त्यांच्या नजरेत चांगला होत गेलो, आणि ती होती तिथेच राहिली. निघताना ते पाया पडायला वाकले. मी मागे सरलो.

ती फाटकापर्यंत आली.

“लिहून द्या, सर. सहीसकट,” ती म्हणाली. “आणि त्याच्यात स्वतःले चांगलं नका लिहू.”