केदारखेड्याच्या टॉवरची यादी

परिषदेसाठी मी एकूण नऊ याद्या केल्या होत्या. आठ बरोबर निघाल्या.

त्या वेळी मी जालन्यात इंटरनेट पुरवणाऱ्या एका लहान कंपनीचं ऑफिस सांभाळत होते. दोन हजार सालानंतरची पहिली काही वर्षं. तालुक्याच्या गावांत सायबर कॅफे निघाले होते, पण टेलिफोनच्या तारेवरून येणारं नेट फार रडतखडत चालायचं. म्हणून आम्ही ते टॉवरवरून टॉवरवर हवेतून न्यायचो. जालन्याहून केदारखेडा, केदारखेड्याहून भोकरदन. मधला टॉवर बंद पडला की पुढचं सगळं भोकरदन बंद. आणि लोडशेडिंग तर रोजचंच.

परभणी, बीड, हिंगोली, सगळीकडे हेच चाललं होतं. आमच्यासारख्या कंपन्या, केबलवाले, टेलिफोन एक्स्चेंजमधले तंत्रज्ञ असे सगळे आपापल्या गावात बसून त्याच कटकटींशी झगडायचे. वीज पडून जळालेली उपकरणं, उंदरांनी कुरतडलेल्या वायरी, तासातासाला जाणारी लाइट. आमच्या मालकांच्या मनात आलं की मराठवाड्यातल्या सगळ्या नेटवाल्यांना एकदा जालन्यात एकत्र बसवावं. नेट विकणाऱ्यांना नव्हे, चालवणाऱ्यांना. पुण्याच्या एका मोठ्या कंपनीचे दोन साहेबही येणार होते आणि त्यांच्याशी हातमिळवणी करायची मालकांची फार इच्छा होती. जबाबदारी माझ्यावर आली. मंगल कार्यालय, खुर्च्या, प्रोजेक्टर, जनरेटर, जेवण, पाहुण्यांची गाडी, सगळ्याच्या याद्या झाल्या.

एक भाषण माझंही होतं. विषय मीच सुचवला होता: 'काम कागदावर उतरवा'. माझं म्हणणं साधं होतं. आपल्याकडे यंत्रणा माणसाच्या डोक्यात असते. माणूस आजारी पडला की यंत्रणाही आजारी पडते. म्हणून प्रत्येक टॉवरची कामं क्रमाने लिहून भिंतीवर लावा, म्हणजे वाचता येणारं कोणीही ती करू शकेल. नमुना म्हणून मी केदारखेडा निवडलं, कारण तिथला ऑपरेटर आमचा सगळ्यात चांगला माणूस होता.

मी त्याला भाऊ म्हणायची. आयटीआय झालेला, चाळिशीचा, घर टॉवरला लागूनच. तीन वर्षांत त्याच्यामुळे भोकरदन कधी अर्ध्या तासाच्या वर बंद राहिलं नव्हतं. परिषदेच्या आठवडाभर आधी मी वही घेऊन त्याच्याकडे गेले आणि लाइट जायची वाट पाहत बसले. वाट फार पाहावी लागली नाही.

"हां, गेली," तो उठत म्हणाला. "आता बघा मॅडम, मी काय काय करून राह्यलो ते. पण लिहायला टाइम लागंल तुम्हाला, मी जल्दी करतो."

"तुम्ही रोजच्यासारखं करा. मी लिहिते."

बॅटरीचा काटा पाहिला. जनरेटरमधलं डिझेल पाहिलं. दोरी ओढून जनरेटर सुरू केला. आवाज स्थिर होईपर्यंत थांबला. मोठा खटका वर केला. सिग्नलच्या दोन्ही रेडिओंच्या डब्यांवरचे, एक जालन्याकडचा आणि एक भोकरदनकडचा, हिरवे दिवे पाहिले. हे सगळं करताना तो माझ्याशी बोलतच होता. त्याच्या बायकोने दारातून विचारलं, चहात साखर किती, आणि मी मागे वळून तिला सांगितलं. पुन्हा वळले तेव्हा तो वहीत वेळ लिहीत होता. मीही माझ्या वहीत लिहिलं. लाइट परत आल्यावर करायची धरून एकूण दहा कामं झाली.

निघताना मी त्याला म्हटलं, "भाऊ, परिषदेला तुम्ही यायचं. माझ्या भाषणानंतर दहा मिनिटं तुम्ही बोलायचं. टॉवर कसा सांभाळता ते."

"मी? ते सूटबूटवाले लोक, अन् मी काय सांगू त्याह्यला?"

"जे मला सांगितलं तेच."

"अन् टॉवर?"

आमच्याकडे नियम होता की टॉवरच्या खोलीची चावी ऑपरेटरशिवाय कोणाच्या हातात द्यायची नाही. त्या दिवशी जालन्याहून पाठवायला माणूस नव्हता, सगळे परिषदेच्या कामात होते. मी त्याच्या बायकोकडे पाहिलं. ती दहावी शिकलेली होती आणि तीन वर्षं हे सगळं रोज बघत होती.

"वहिनी सांभाळतील. मी यादी टाइप करून पाठवते. आपल्या साहेबांचं मी बघते."

"बघा बरं मॅडम," ती हसत म्हणाली. "ह्यांचं काम मी केलं तर पगार माझ्या नावानं काढा."

"अन् सैपाक कोण करील मंग?" तो म्हणाला.

माझ्या शेवटच्या यादीत 'केदारखेडा: पर्यायी माणूस' असं एक कलम होतं. त्यावर मी त्याच संध्याकाळी बरोबरची खूण केली. मालकांना सांगायचं राहून गेलं. राहून गेलं म्हणजे मी ते टाळलं. ते नाही म्हणाले असते.

परिषद चांगली सुरू झाली. हॉल भरला होता. बीडच्या एका केबलवाल्याने उंदरांवर काय काय उपाय केले ते सांगितलं तेव्हा पुण्याचे साहेबसुद्धा खळखळून हसले. मग माझं भाषण झालं. केदारखेड्याच्या यादीच्या झेरॉक्स मी प्रत्येकाच्या पिशवीत घातल्या होत्या. "ही दहा कामं वाचा," मी म्हटलं. "आज हा टॉवर याच कागदावर चाललाय." टाळ्या पडल्या. मालक पहिल्या रांगेत बसले होते. त्यांनी जरा चमकून माझ्याकडे पाहिलं असं मला वाटलं, पण मी पुढे बोलत राहिले.

मग भाऊ उठला. इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला पेन. पहिली दोन वाक्यं अडखळत आली. तिसऱ्याला सूर सापडला. "साहेब लोक म्हणतात नेट डाउन झालं. आमच्या गावात म्हणतात, भाऊ झोपला." लोक हसले. तो सांगत असतानाच मालकांचा मोबाइल वाजला. ते बाहेर गेले. पुन्हा आत आले आणि त्यांनी मला हाताने बाहेर बोलावलं.

जालन्याच्या ऑफिसात फोनवर एकच मुलगी बसवली होती. तिला भोकरदनहून फोनावर फोन येत होते. सव्वा तास झाला, नेट बंद. माझ्या भाषणाच्या आधीपासून बंद होतं.

मी भाऊला स्टेजवरून खाली घेतलं. काय झालं ते ऐकताच त्याने एका सेकंदात विचारलं, "लाइट कधी गेल्ती?" आणि मालकांचा मोबाइल मागितला. घरासमोरच्या दुकानात फोन लावून बायकोला बोलावलं.

"जनरेटर चालू हाय का? हां. दिवे? दोन्ही हिरवे? बराबर. आता भोकरदनच्या डब्याचा बारका खटका बंद कर. वीसपर्यंत मोज. मंग चालू कर. हां, वीस. जा."

पाच मिनिटांत भोकरदन सुरू झालं.

मला कळेना. मी पर्समधून यादी काढली. "भाऊ, हे यात नाही."

त्याने कागद पाहिला. "मोठा खटका वर केला की त्या डब्याला झटका बसतो, मॅडम. दिवा हिरवाच राहतो पण डबा आतून बसलेला असतो. त्याला एकदा झोपवून उठवावं लागतं. रोजचंच हाय. हात आपोआप जातो माझा. ते काम हाय असं कधी डोक्यातच आलं न्हाई."

मला चहा आठवला. साखर सांगायला मी मागे वळले होते, तेवढ्यात त्याचा हात त्या खटक्याकडे जाऊन आला होता.

मालक आमच्याजवळ आले. मागे काचेच्या दारातून पुण्याचे साहेब दिसत होते, ते आमच्याकडेच पाहत होते. त्यांना कोणीतरी सांगितलं असावं. मालक आवाज न चढवता बोलले, त्यांना राग आला की ते असंच बोलत.

"टॉवरवर कोण आहे?"

"माझी घरवाली, साहेब."

"चावी कोणाला विचारून दिली तिला?"

भाऊने माझ्याकडे पाहिलं. अगदी थोडा वेळ. माझ्या हातात फाइल होती, तिच्यात ती बरोबरची खूण होती. तोंड उघडायला मला जेवढा वेळ हवा होता तेवढा त्याने दिला, हे मी आजही सांगू शकते.

"मीच दिली," तो म्हणाला.

"उद्यापासून येऊ नका. चावी ऑफिसात जमा करा."

तो जेवायला थांबला नाही. जेवणाच्या यादीत त्याचं ताट होतं. मी आत गेले, आभार मानले, पाहुण्यांची गाडी वेळेवर लावली. प्रत्येकाच्या पिशवीत चुकीची यादी होती. ती परत मागावी किंवा निदान माइकवर सांगावं असं मनात येऊन गेलं. मी सांगितलं नाही. पुण्याचे साहेब निघताना मला म्हणाले, "तुमचं भाषण उत्तम झालं. बाकी काय, माणसांची शिस्त हाच सगळीकडे प्रश्न आहे." मी मान हलवली.

तीन दिवस मी स्वतःला कामं शोधून दिली. खुर्च्यावाल्याचा हिशेब, कार्यालयाच्या चाव्या, पत्रं. चौथ्या दिवशी केदारखेड्याला गेले. भाऊ शेतावर होता. वहिनी ओट्यावर ज्वारी निवडत होती. तिने मला बसा म्हटलं, पाणी दिलं आणि आतून एक कागद आणून माझ्यापुढे ठेवला. मीच टाइप केलेला. दहाही कामांपुढे पेनने खुणा केलेल्या होत्या आणि प्रत्येक खुणेजवळ घड्याळातली वेळ लिहिलेली होती.

"ताई, ह्यातलं कोणतं चुकलं ते दाखवा मला," ती म्हणाली. "चार दिवस झाले, मी रोज वाचून राह्यले. मला न्हाई सापडत."

"भाऊंनी सांगितलं नाही का?"

"ते म्हणतात, जाऊ दे. म्हणतात तुझं काही न्हाई. पण गावात तर समदे म्हणतात की बायकोनं नवऱ्याची नोकरी घालवली."

"तुमचं काहीच चुकलं नाही वहिनी. एक काम लिहायचं माझ्याकडूनच राहिलं. अकरावं. आणि चावी तुम्हाला द्यायला मीच सांगितलं होतं."

तिने ज्वारी बाजूला सारली.

"हे मला कशाला सांगता? मला तर माहीत हाय, मी तिथंच उभी होते. तुमच्या साहेबांना सांगितलं का?"

"नाही."

"मंग आधी तिकडं जा."

मी तिथून थेट मालकांकडे गेले आणि सगळं सांगितलं. चावी, यादी, चहासुद्धा. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "हे तुम्ही त्या दिवशी हॉलमध्ये सांगायला हवं होतं. कालच नवा माणूस ठेवला. त्याला आता काय सांगू?" थोड्या वेळाने म्हणाले, "आणि तुम्हाला काढलं तर हे ऑफिस कोण चालवील?" मी राजीनामा लिहून नेला नव्हता. लिहून न्यायला हवा होता का, याचं उत्तर मला अजून मिळालेलं नाही. त्यांनी तो घेतला नसता, हे मात्र मला आधीच माहीत होतं.

परिषदेला आलेल्या प्रत्येकाला मी पत्र पाठवलं. केदारखेड्याच्या यादीत एक काम कमी आहे, ते काम असं, आणि यादीतली चूक माझी आहे, तिथल्या ऑपरेटरची किंवा त्याच्या घरच्यांची नाही. परभणीहून एकाचं उत्तर आलं. त्यांच्याकडेही डबा असाच बसायचा, खटक्याची युक्ती लागू पडली, आभार. त्या उत्तराची एक प्रत मी केदारखेड्याला घेऊन गेले.

भाऊ घरी होता. तो आता भोकरदनला पाण्याच्या जळालेल्या मोटारींना नवी तार भरायच्या दुकानात कामाला जात होता. त्याने पत्र वाचलं, घडी करून बायकोला दिलं आणि म्हणाला, "परभणीवाल्याचा डबा चालला, चांगलं झालं." शेजारी टॉवरच्या खोलीत जनरेटर धडधडत होता. नव्या माणसाने मोठा खटका वर केल्याचा आवाज आला. भाऊ बोलता बोलता थांबला, कान तिकडे देऊन. मीही ऐकत होते. धडधडीतूनही बारक्या खटक्याचा आवाज आला. भाऊचे ओठ हलत होते. वीसला खटका पुन्हा वाजला.

जाताना मी वहिनीकडे तिचा तो खुणा केलेला कागद मागितला, माझ्या फाइलला लावायला.

"झेरॉक्स काढून घ्या," ती म्हणाली. "असल माझ्यापाशीच राहील. कोणी विचारलं तर दाखवायला लागतो."