उमरखेडची साधी काच

यवतमाळहून उमरखेडला जाणारी एसटी आर्णीच्या स्टँडवर थांबली आणि बराच वेळ हललीच नाही. टायर बदलायचा होता. प्रवासी उतरून टपरीकडे गेले. मीही आलुबोंडा आणि तर्री (वरून घालायचा तिखट रस्सा) घेऊन बाकावर बसलो. शेजारी पन्नाशीच्या एक बाई होत्या. त्यांनी मांडीवरची कापडी पिशवी खाली ठेवली नव्हती.

"कोठी जाऊन राह्यले, भाऊ?"

"उमरखेडला. जुन्या पेठेत रंगीत काचांचं एक कापडाचं दुकान आहे, ते पाहायला."

"पाहाले? घ्याले नाही?" त्या हसल्या. "मी तिथंच चालली. भांडाले."

त्यांचं नाव कांताबाई. भाचीचं लग्न होतं, गावच्या विहारात. नवरीची पांढरी साडी त्यांनी याच दुकानाच्या माडीवर बसून निवडली होती. घरी नेऊन उन्हात उघडली, तर ती पांढरी नव्हती. सायीसारखी पिवळट होती. लग्न चार दिवसांवर आलं होतं.

"तीन पिढ्या तिथूनच घेतो आम्ही. कधी रंग बदलला नाही," त्या म्हणाल्या. "आताच काहून बदलून राह्यला, ते इचारतो."

माझं या दुकानाशी नातं आईकडून आलेलं. तिचं माहेर उमरखेडजवळचं. लग्नानंतर ती पुण्याला आली आणि नंतर फारशी परत गेली नाही. आता तिची नजर खूप अधू झाली आहे, माणसं ती आवाजावरून ओळखते. मी विदर्भात कामाला जाणार म्हटल्यावर तिनं दोन गोष्टी सांगितल्या. दुकान उभं आहे का ते पाहा. असलं तर मोरपंखी रंगाचं एक सुती पातळ आण. मग जरा थांबून म्हणाली, "वर बसून घेजो. साध्या काचेखाली." साधी काच म्हणजे काय, हे मी विचारलं नाही.

महागाव मागे पडलं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कापूस फुटला होता, सोयाबीन निघालेली रानं मोकळी पडली होती. उमरखेडला पोहोचलो तेव्हा दुपार झाली होती. कांताबाई पुढे, मी मागे, असे आम्ही पेठेत शिरलो.

इमारत कोपऱ्यावर आहे आणि आधी ती दिसतच नाही. समोर विजेचा खांब, तारांचं जाळं, मोबाइल दुकानाचा फ्लेक्स. तो फ्लेक्स ओलांडून मान वर केली की दर्शनी भाग एकदम समोर येतो. खाली दगडी ओटा, त्यावर बिडाचे बारीक खांब, खांबांच्या माथ्यावर पानांचे झुबके. वरच्या सज्जाला सागवानी घोडे (आधार देणाऱ्या कोरीव तुळ्या), प्रत्येकावर पोपट आणि द्राक्षांचा घड. त्याच्यावर चुन्यातली वेलबुट्टी, काही ठिकाणी झडलेली. आणि सज्जाच्या आत, माडीच्या पूर्ण रुंदीची काचांची भिंत: लाल, हिरवे, पिवळे, निळे चौकोन. खाली दुकान, वर घर. कापसाच्या व्यापारात पैसा आला त्या काळात, शंभराहून अधिक वर्षांपूर्वी, सध्याच्या मालकांच्या पणजोबांनी ती बांधली. हैदराबादला जाऊन तिथल्या हवेल्या पाहून आल्यावर त्यांनी कारागीर बोलावले, असं घरात सांगतात.

मालक सलीमभाई गल्ल्यावर होते. मी ओळख सांगितली. त्यांनी खुर्ची पुसून दिली आणि चहा मागवला. कांताबाईंकडे पाहून मात्र ते सावध झाले.

"मावशी, साडीचं ना? भाभी वर हाय. खाकरून जा, साहेब," ते मला म्हणाले. "वर बायकांचं दुकान हाय."

या घराची रीत अशी आहे. पुरुष गिऱ्हाईक खाली, बायका वर. वर विकायचं काम घरातल्या सुनेचं. आज ते सलीमभाईंच्या पत्नी शमीमभाभी करतात. माडीच्या जमिनीत एक झडप आहे. भाभी ती उचलून खाली हाक देतात, सलीमभाई गठ्ठा दोरीला बांधतात, गठ्ठा वर येतो. इथं येणाऱ्या मुसलमान, बौद्ध, बंजारा, मराठा, सगळ्याच घरच्या बायका नवरीचं कापड लग्नाआधी रस्त्यावर उघडत नाहीत. त्यामुळे रंग पाहायचा तो माडीवरच.

माडीवर गाद्या घातल्या होत्या. काचांतून आलेला उजेड चौकोन चौकोन होऊन गाद्यांवर पडला होता. कांताबाईंनी पिशवीतली साडी काढून एका निळ्या चौकोनात पसरली. साडी लख्ख पांढरी दिसली. तीच त्यांनी उचलून जिन्याच्या तोंडाशी नेली. तिथं ती पिवळट झाली.

"पाह्यलं? निळीचं पाणी पाजलं तुमच्या दुकानानं आमच्या साडीले."

शमीमभाभींनी साडी घडी करून बाजूला ठेवली. "बदलून देते, मावशी. पण दुसरीबी इथंच पाहसाल तर तसंच होईन." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तुम्ही लिहिणारे ना? यांना सांगा, ती निळी काच काढा म्हणून."

सलीमभाई चहा घेऊन वर आले होते. "साहेब पेपरवाले हायेत, काचवाले नाही."

मग त्यांनी हकिगत सांगितली. त्यांचे दोन भाऊ नांदेडला आणि नागपूरला असतात. इमारत पाडून तिथं कॉम्प्लेक्स बांधायचं, असं दोघांचं मत आहे. सलीमभाईंनी इमारतीला वारसा म्हणून संरक्षण मिळावं यासाठी अर्ज केला. अधिकारी पाहून जाईपर्यंत थांबायला भाऊ कबूल झाले. आधी एक माहीतगार येऊन गेले होते. सगळं मूळचं आहे, फक्त खालच्या रांगेतली एक काच फुटून साधी बसवलेली दिसते, तेवढी उणीव आहे, असं ते म्हणाले. सलीमभाई हैदराबादला गेले, जुन्या सामानाच्या बाजारात हिंडले आणि इतरांसारखीच जुनी निळी काच शोधून आणून साधीच्या जागी बसवली. येत्या आठवड्यात अधिकारी येणार होते.

"एवढ्या काचेपायी घर जायले नको," ते म्हणाले.

"घर राहीन, पण वर येईन कोण?" भाभी म्हणाल्या. "दिवाळीपासून किती साड्या परत आल्या. ट्यूबलाइटखाली तर सगळ्याच खोट्या दिसतात."

साधी काच. मी आईचं बोलणं सांगितलं. सलीमभाईंनी मान हलवली. "फुटली असंल, मंग अब्बांनी बसवली असंल. आमच्या लहानपणी होती ते आठवते."

मी आईला फोन लावला, स्पीकर सुरू केला आणि ती काच कधी फुटली होती का, असं विचारलं.

"फुटली? कोण म्हणते?" आईचा आवाज माडीभर झाला. पुण्यात इतकी वर्षं काढूनही तो इथं आल्याबरोबर इथलाच झाला. "माझ्या लग्नाचं पातळ तिथंच पाह्यलं. माह्या मायचंबी तिथंच घेतलं होतं. तुमची म्हातारी हात धरून त्या उजेडात बसवे. म्हणे, इथं पाय बाई, मंग हो म्हण. बाकीच्या काचा घराच्या शोभेच्या, ही गिऱ्हाइकाची."

आईनं विचारलं, "वर अजून गाद्याच हायेत का?"

"हायेत, अम्मा," भाभी म्हणाल्या.

"अन् झडप?"

भाभींनी झडप उचलून खाली सोडली. लाकडावर लाकूड आपटल्याचा आवाज झाला. आई म्हणाली, "तोच आवाज हाय," आणि फोन बंद झाला.

भाभी उठल्या आणि कपाटातून चादरीत गुंडाळलेलं काही घेऊन आल्या. काढलेली साधी काच त्यांनी फेकली नव्हती. सलीमभाईंनी ती उजेडासमोर धरली. आत बारीक बुडबुडे होते, पाण्यावर असतात तशा लाटा होत्या. त्यांनी ती शेजारच्या लाल काचेला टेकवून पाहिली. तिच्यातही तेच बुडबुडे, तीच जाडी. हैदराबादची निळी काच सपाट आणि गुळगुळीत होती.

"म्हणजे मूळचं मीच काढलं," ते म्हणाले.

कांताबाईंनी चहाची बशी खाली ठेवली. "आता बसवा. मले पाचची गाडी हाय."

"अन् पाहाले येणाऱ्या साहेबाइले काय सांगू? ते म्हणतीन, एक काच कमी हाय."

"हेच सांगा," भाभी म्हणाल्या. "नाहीच पटलं तर वर पाठवा. मी साडी दाखवते."

सलीमभाईंनी मला विचारलं, मी लिहिलं तर काही होईल का. मी म्हणालो, पाहिलं ते लिहीन, त्यापुढचं माझ्या हातात नाही. त्यांनी पटाशी आणली. लाकडी पट्ट्या जपून सैल केल्या, निळी काच काढली, जुनी जागेवर बसवली. एवढ्या रंगांमध्ये गादीवर एक पांढरा चौकोन पडला. भाभींनी त्यावर हात ठेवला, जरा वेळ तसाच राहू दिला.

मग झडपेतून पांढऱ्या साड्यांचा गठ्ठा वर आला. कांताबाईंनी एकेक पदर त्या चौकोनात धरला. शेवटी एकीवर हात ठेवून "हो" म्हणाल्या. माझी पाळी आली तेव्हा ऊन कलत होतं. भाभींनी मोरपंखी पातळं काढली आणि घाई करायला सांगितली. उजेड सरकला की दुकान संपलं, असं इथलं वेळापत्रक आहे.

निघताना मी पुन्हा फ्लेक्सच्या अलीकडे उभा राहून वर पाहिलं. काचांच्या रांगेत आता एक फिकट जागा होती. रस्त्यावरून पाहणाऱ्याला ती उणीवच वाटेल. अर्जासोबत जोडायच्या फोटोतही ती तशीच दिसेल. पोपट, द्राक्षं, खांब यांची किंमत सांगता येते. त्या चौकोनाची सांगायची तर माडीवर गादी, गिऱ्हाईक आणि दुपारचं ऊन, तिन्ही लागतात. कॉम्प्लेक्स झालं तर पोपट कुठल्यातरी हॉटेलच्या भिंतीवर जातील. उजेड कोणी उतरवून नेऊ शकत नाही.

पुण्याला परतल्यावर सलीमभाईंना फोन केला. अधिकाऱ्यांचं येणं पुढं गेलं होतं. काच आहे तिथं आहे, असं त्यांनी न विचारता सांगितलं.

आईच्या हातात पातळ दिलं. तिनं ते उलगडलं, काठ बोटांनी चाचपला, खिडकीकडे धरलं. तिला तिथं उजेड आहे एवढंच कळतं.

"रंग बरोबर हाय ना?"

"मोरपंखी आहे."

"कुठं बसून पाह्यलं?"

"साध्या काचेखाली."

"मंग बरोबर असन," ती म्हणाली आणि पातळाची घडी घालू लागली.